मधेच पडदा काळा, मधेच 'नो सिग्नल': दोष टीव्हीचा की वायरचा?

सांगलीला आत्याकडे ४३ इंची टीव्ही आहे, दोन वर्षांचा. गेल्या पावसाळ्यापासून तिची एकच तक्रार होती. "अरे, दिवेलागणीला मालिका ऐन रंगात आली की पडदा काळा होतो. दोन-तीन सेकंद काही नाही, मग 'नो सिग्नल' असं येतं आणि आपोआप परत चालू. रात्री दहानंतर मात्र एकदाही नाही." डिशचा माणूस येऊन छत्री हलवून गेला. मग टीव्ही दुरुस्त करणारा आला, पाठीमागे टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, बोर्ड जायला आलाय, साडेसात हजार होतील. आतोबा पैसे काढायला तयारच होते.

दिवाळीत गेलो तेव्हा संध्याकाळी मुद्दाम टीव्हीसमोर बसलो. आत्या उठली, देवघरातली ट्यूब लावून आली. काही झालं नाही. मग स्वयंपाकघरात फोडणीच्या आधी तिनं एक्झॉस्ट पंख्याचं बटण दाबलं आणि पडदा काळा.

"आत्या, बंद कर. आता परत लाव."

परत काळा. पाच वेळा केलं, त्यातल्या चार वेळा गेला. आतोबा म्हणाले, "म्हणजे आता पंखा बदलायचा?"

पंखा नाही, वायर. सेटटॉप बॉक्स टीव्हीपासून हातभर लांब, पण दुकानात होती म्हणून पाच मीटरची स्वस्तातली चपटी एचडीएमआय वायर, म्हणजे बॉक्समधलं चित्र आणि आवाज टीव्हीत नेणारी, आणलेली. उरलेल्या साडेचार मीटरचं भेंडोळं करून ते टीव्ही युनिटच्या मागं एक्स्टेंशन बोर्डावर कोंबलेलं होतं. जुन्या बटणात ठिणगी पडली की विजेच्या वायरीत क्षणभर झटका येतो. त्याला चिकटून बसलेल्या पाच मीटरच्या पातळ वायरीनं तो उचलला, बॉक्स आणि टीव्हीचा संबंध तुटला आणि पुन्हा जुळायला दोन-तीन सेकंद लागले. भेंडोळं बाजूला केल्यावर प्रकार निम्म्यानं कमी झाला. दुसऱ्या दिवशी जाड, दीड मीटरची वायर आणली, तेव्हापासून एकदाही नाही. दिवेलागण होती हे आत्यानं बरोबर सांगितलं होतं, फक्त सगळ्यांनी मालिकेकडे बघितलं, बटणाकडे कुणी बघितलं नाही.

हा 'मधेच काळा' प्रकार घरोघरी आहे. ओळखीत कुणाच्या टीव्हीची तक्रार आली की मलाच फोन येतो आणि दर वेळी मी तेच प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: संदेश कुणी लिहिलाय?

यावर निम्मी प्रकरणं सुटतात. पाऊस आला, छत्री हलली, रिचार्ज संपलं, तर संदेश सेटटॉप बॉक्स दाखवतो. त्याच्या रंगात, त्याच्या अक्षरात, बहुतेक वेळा एखाद्या एरर नंबरसकट. हा संदेश तुम्हाला वाचता येतोय याचाच अर्थ बॉक्स, एचडीएमआय वायर आणि टीव्ही तिघंही ठणठणीत आहेत. अडचण छतावर आहे किंवा रिचार्जची आहे.

उलट 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' हे टीव्हीच्या स्वतःच्या अक्षरात, इनपुटच्या नावासकट आलं, तर टीव्हीपर्यंत काहीच पोचत नाहीये. शंका असेल तर बॉक्सच्या रिमोटवर मेनूचं बटण दाबा. मेनू दिसला तर वायर बरी आहे. मग छत्रीवाल्याला बोलवा, नाहीतर त्याला उगाच जिने चढायला लावू नका.

आणखी एक तपासणी. टीव्ही स्मार्ट असेल तर त्याच्या आतलंच यूट्यूब तासभर लावून ठेवा. तेही मधेच काळं होत असेल तर एचडीएमआय निर्दोष, गडबड टीव्हीत किंवा विजेत. ते व्यवस्थित चालत असेल तर निदान पॅनेल, म्हणजे टीव्हीचा पडदा, शाबूत आहे, हे कळल्यावर झोप लागते.

आत काय चालतं

एचडीएमआय २००२ साली आलं. त्याआधीच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींत चित्र नुसतं वाहत यायचं. वायर अर्धवट खराब असली तर मुंग्या दिसायच्या, पण चित्र दिसायचं. एचडीएमआयचं तसं नाही. त्यात १९ पिना आहेत आणि चित्र सुरू होण्याआधी दोन्ही यंत्रांत बोलणी होतात, अगदी स्थळ बघतात तशी. टीव्ही आपला बायोडेटा पाठवतो: माझी उंची-रुंदी एवढी, सेकंदाला इतक्या चित्रांपर्यंत झेपेल, आवाज अमुक प्रकारचा चालेल. बॉक्स तो वाचून ठरवतो काय पाठवायचं. त्यानंतर चोरून नक्कल होऊ नये म्हणून जे कुलूप असतं, एचडीसीपी, त्याच्या किल्ल्या जुळवल्या जातात. हे सगळं जमलं की मग चित्र. आणि मधे कुठंही खंड पडला की बोलणी पहिल्यापासून. ते दोन-तीन काळे सेकंद म्हणजे ही बोलणी.

म्हणून एचडीएमआयमध्ये 'थोडं खराब' असं फारसं नसतं. चित्र स्वच्छ असतं किंवा नसतं. अगदी काठावर असेल तेव्हा तेवढे चमकणारे ठिपके दिसतात, पडद्यावर कुणी चमकी उधळल्यासारखे. ठिपके दिसले तर वायर बदलाच, पुढं तीच काळा पडदा दाखवणार आहे.

शोधायचं कसं

एका वेळी एकच गोष्ट बदला. लोक वायर, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदलतात. मग सुटलं तरी कशानं सुटलं ते कळत नाही, आणि आठवड्यानं परत सुरू झालं की पुन्हा शून्यापासून.

माझा क्रम असा: आधी दोन्ही यंत्रं बंद करून वायर दोन्हीकडून काढून घट्ट बसवतो. भिंतीवरच्या टीव्हीत मागं जागा नसते, पिन वाकून अर्धी बाहेर आलेली असते, हे फार वेळा सापडतं. मग तीच वायर टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टात. तरी तेच, तर दुसरी वायर, शक्य तितकी आखूड. तरीही तेच, तर त्याच वायरीवर दुसरं यंत्र, शेजाऱ्याचा बॉक्स किंवा लॅपटॉप. प्रत्येक बदलानंतर एक अख्खी संध्याकाळ थांबा. पाच मिनिटांत 'झालं बरं' म्हणणारा माणूस मी नंतर रात्री अकरा वाजता फोन करताना ऐकलाय.

या क्रमात बहुतेकांचा रोग सापडतो. काहींचा मात्र सापडत नाही, कारण काळ्या पडद्याची वेळ वेगळी असते.

प्रत्येक वेळी चॅनल बदलल्यावरच पडदा काळा होत असेल तर वायर बदलू नका. बॉक्स 'ऑटो' किंवा 'नेटिव्ह' वर आहे. साधा चॅनल आला की तो ५७६ रेषांचं चित्र पाठवतो, एचडी आला की १०८०चं, आणि दर बदलाला टीव्हीशी नव्यानं बोलणी. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८०आय वर कायमचं बांधून टाका. आपल्याकडचे एचडी चॅनल सहसा त्याच रूपात येतात.

ओटीटी स्टिकवर, म्हणजे टीव्हीत खोचून इंटरनेटवरचे चित्रपट दाखवणाऱ्या यंत्रावर, चित्रपट सुरू होताना आणि संपताना एकेकदाच काळा होतो? स्टिक चित्रपटाच्या सेकंदाला २४ चित्रांच्या गतीशी टीव्ही जुळवून घेते. हा बिघाडच नाही. खटकत असेल तर 'मॅच फ्रेम रेट' बंद करा.

काळा होऊन स्टिकचा लोगो येतो, म्हणजे ती नव्यानं सुरू होते? मग तिला वीज पुरत नाही. लोक स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबीत लावतात, दिसायला नीटनेटकं दिसतं. पण यूएसबी २.० च्या पोर्टातून नियमानं अर्धा अँपिअरच मिळतो, स्टिकला अनेकदा त्याहून जास्त लागतो. खोक्यात आलेला अडॅप्टर भिंतीच्या बोर्डात लावा, प्रश्न तिथंच मिटतो. तो अडॅप्टर मोबाइलला लावून कुणीतरी कॉलेजात नेलेला असतो, ही वेगळी गोष्ट.

टीव्ही आपणहून दुसऱ्याच इनपुटवर उडी मारून 'नो सिग्नल' दाखवतो? हे सीईसीचं काम. एका रिमोटवर सगळं चालावं म्हणून ही सोय आहे. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. झोपलेली स्टिक अपडेटसाठी जागी होते आणि टीव्हीला स्वतःकडे ओढते. ही सोय बंद करून बघा. फक्त साउंडबार एआरसीवर असेल, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच साउंडबारकडे जात असेल, तर थांबा. बऱ्याच टीव्हींत सीईसी बंद केलं की साउंडबारचा आवाजही जातो. त्या घरात टीव्हीवर चालू ठेवून स्टिकच्या सेटिंगमध्ये बंद करायचं.

भिंतीत गाडलेली वायर

याला वेगळी जागा देतोय, कारण यात पैसा जातो. नव्या फ्लॅटचं फर्निचर करताना टीव्हीमागं वायरी लोंबू नयेत म्हणून सुतार आणि इलेक्ट्रिशियन मिळून पाइपातून दहा मीटरची एचडीएमआय ओढतात, वरून पॅनेलिंग. साध्या एचडी बॉक्सवर पाच वर्षं उत्तम चालतं. मग घरात ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र देणारी स्टिक किंवा गेमचं यंत्र येतं आणि पडदा लुकलुकायला लागतो. नवं यंत्र खराब निघालं म्हणून ते परत जातं, बदलून येतं, पुन्हा तेच.

गणित सरळ आहे. फुल एचडीचं सेकंदाला ६० चित्रांचं प्रक्षेपण वायरीतून सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट (माहितीचं माप) नेतं. ४के, तेवढ्याच चित्रांचं, जवळपास १८ गिगाबिट. चौपट. साध्या तांब्याच्या वायरीला दीड-दोन मीटरवर ते जमतं, पाच मीटरच्या पुढं नशिबावर आणि दहा मीटरवर विसरा. पडताळायचं असेल तर स्टिकच्या सेटिंगमध्ये १०८०, म्हणजे फुल एचडी, निवडा. लुकलुक लगेच थांबली तर यंत्र चांगलं आहे, भिंत वाईट आहे. ४केच हवं असेल पण ३० चित्रांवर भागत असेल तर तेवढ्याला ९ गिगाबिटपेक्षा थोडं कमी लागतं, जुनी वायर कधीकधी तेवढं ओढून नेते.

कायमचा उपाय म्हणजे दुसरी वायर. दुकानदार '२.१ व्हर्जनची वायर' म्हणून काहीही देतो. व्हर्जन नंबर यंत्राचा असतो, वायरीचा दर्जा नावानं ओळखतात: 'हाय स्पीड' १० गिगाबिटपर्यंत, 'प्रीमियम हाय स्पीड' १८, 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८. शेवटच्या दोन्हींच्या खोक्यावर तपासणीचं लेबल असतं, ते मोबाइलनं स्कॅन करून बघता येतं. सोन्याचा मुलामा, नायलॉनची वेणी, हे दागिने आहेत, त्यांचे पैसे देऊ नका. लांब अंतराला आतून काचेच्या तंतूची ऑप्टिकल एचडीएमआय मिळते. तिला दिशा असते, एक टोक बॉक्सचं आणि एक टीव्हीचं. भिंतीत ओढण्याआधी टोकं बघा, उलटी ओढली तर पुन्हा सुतार. आणि पाइप मोठा घ्या, रिकामा दोरा आत सोडून ठेवा. पुढची वायर त्यानंच ओढायची आहे.

वायर चांगली असून ४के येतच नाही, तेव्हा टीव्हीचं सेटिंग बघा. बऱ्याच टीव्हींचे पोर्ट कारखान्यातून कमी क्षमतेवर लावून येतात. सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'डीप कलर' अशा नावानं प्रत्येक पोर्टाला वेगळं बटण असतं. मधे जुना अँप्लिफायर किंवा स्प्लिटर असेल तर तोही संशयित. त्याला ४केचं नवं कुलूप, एचडीसीपी २.२, उघडता येत नसेल तर चित्र १०८० वर येतं किंवा येतच नाही.

एचडीचे पैसे, साधं चित्र

हा काळा पडदा नाही, पण विचारणारे इतके आहेत की सांगतोच. बॉक्स एचडी, पॅक एचडी, टीव्ही एचडी आणि जोडणी पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीनं. जुना बॉक्स काढून नवा लावताना बसवणाऱ्यानं जुनीच वायर खोचलेली. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जाऊच शकत नाही, कितीही रिचार्ज करा. दुसरं, एचडी चॅनलचा नंबर वेगळा असतो. बोटांना सवय जुन्या नंबराची, त्यामुळे एचडी घेऊनही घरात साधाच चॅनल लागतो. सासरेबुवांना नंबर कागदावर लिहून रिमोटच्या मागं चिकटवून दिले, तेव्हा कुठं त्यांच्या क्रिकेटमधला चेंडू दिसायला लागला.

चित्र आहे आणि आवाज नाही, तर बॉक्सचा आवाज 'डॉल्बी'वरून 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' करा. लॅपटॉप असेल तर आवाजाच्या यादीत टीव्हीचं नाव निवडा. लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट असेल तर आधी त्यातून चित्र बाहेर येतं का ते बघा, प्रत्येकातून येत नाही.

झिणझिण्या

वायर खोचताना धातूच्या टोकाला हात लागून बारीक झिणझिण्या आल्या तर दुर्लक्ष करू नका. अर्थिंग नसलेल्या घरात दोन पिनांच्या यंत्रांतून थोडी गळती होते, ती बाहेरच्या धातूवर साठते. केबलच्या जाड वायरीतून शेजारच्या इमारतीचीही येते. माणसाला फक्त झिणझिण्या, पण चालू यंत्रात एचडीएमआय खोचताना हीच गळती पोर्टमधली चिप जाळू शकते. म्हणून वायर काढ-घाल करताना दोन्ही प्लग बोर्डातून बाहेर काढा, नुसता रिमोटनं बंद केलेला चालत नाही. वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की छत्रीची वायरही बॉक्समधून काढा. स्टॅबिलायझरचं लोकांना उगाच वेड. बऱ्याच नव्या टीव्हींच्या मागं १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यांना त्याची गरज नाही. तेच पैसे इलेक्ट्रिशियनला देऊन अर्थिंग तपासून घ्या.

खरंच टीव्ही गेलाय तो असा ओळखायचा: आतलं यूट्यूबही काळं, आवाज मात्र येतोय. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकी टॉर्च मारा. आत अंधुक चित्र हलताना दिसलं तर मागचे दिवे गेलेत, पॅनेल शाबूत आहे. एखादंच पोर्ट मेलं असेल आणि बाकीची चालत असतील तर बोर्डाच्या भानगडीत न पडता दुसरं पोर्ट वापरा. सगळीच मेली, तर बोर्ड.

आणि नवाच घ्यायचा झाला तर

दुकानात सगळे टीव्ही भडक 'व्हिव्हिड' वर लावलेले असतात, तिथं रंग बघून ठरवू नका. पाठ बघा. एचडीएमआय किती? दोन असतील तर बॉक्स आणि साउंडबार लावला की संपलं, तीन हवीतच. त्यातलं एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं कोणतं, साउंडबार त्यालाच लागतो. ४केची पूर्ण ६० चित्रं कोणत्या पोर्टावर मिळतात, हे माहितीपत्रकात बघा. भोकं बाजूला आहेत की थेट मागं? थेट मागची असतील आणि टीव्ही भिंतीला चिकटणार असेल तर पिन वाकणार, म्हणजे हा सगळा लेख तुम्हाला परत वाचावा लागणार. पिवळ्या-लाल-पांढऱ्या भोकांऐवजी आता एकच बारीक हेडफोनसारखं भोक असतं, त्याची जोडवायर खोक्यातच आहे का विचारा. बाजारातली दुसरी लावली तर रंगांचा क्रम उलटसुलट निघू शकतो.

४केचा हट्ट खोलीवर अवलंबून. ६/६ नजरेच्या माणसाला ४३ इंची फुल एचडीतले ठिपके साधारण साडेपाच फुटांपलीकडे वेगळे दिसत नाहीत, ५५ इंचीतले सात फुटांपलीकडे. ३२ इंची एचडी रेडी, १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा, सहा फुटांवरून बघा, पुरेसा आहे. सोफा आठ-नऊ फुटांवर असेल तर ४३ इंचात ४केसाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही, फुकट येत असेल तर घ्या. त्यापेक्षा पॅनेल कोणत्या प्रकारचं, व्हीए की आयपीएस, ते विचारा. व्हीए पॅनेलवर काळा रंग काळा दिसतो, पण बाजूनं बघितलं की चित्र फिकटतं. आयपीएसवर काळा थोडा राखाडी, पण जमिनीवर, दिवाणावर, दारात उभं राहून, सगळीकडून सारखं दिसतं. भरल्या घराला आयपीएस, रात्री दिवे घालवून चित्रपट बघणाऱ्या दोघांना व्हीए.

आतोबांनी साडेसात हजार वाचवले आणि त्यात थोडे घालून वरच्या खोलीसाठी ३२ इंची घ्यायला गेले. मी फोनवर सांगितलेलं सगळं त्यांनी मनावर घेतलं होतं. खिशातून टॉर्च काढून एकेका टीव्हीच्या मागं वाकून बघायला लागले, तेव्हा दुकानातल्या पोरानं विचारलं, "काका, काही पडलंय का तुमचं?"

"नाही रे," आतोबा म्हणाले, "भोकं मोजतोय."